बिल्ज पंपाची धार बारीक, सेल्फ मारला की फिश फाइंडर बंद: मोठी बॅटरी घेऊ का?

दिवाळेकर:
नमस्कार मंडळी. बेलापूरच्या दिवाळे गावातून लिहितोय. आमची २२ फुटी फायबरची होडी आहे, मागे ४० एचपीचं पेट्रोल आऊटबोर्ड इंजिन. बाबा आणि मी रात्रीचे खाडीत जातो. मागच्या खणात एकच ७० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी आहे आणि सेल्फ (इंजिन चालू करायची मोटर), बिल्ज पंप (होडीच्या तळातलं पाणी बाहेर टाकणारा), फिश फाइंडर (मासे दाखवणारं यंत्र), व्हीएचएफ रेडिओ, दिवे सगळं तिच्यावरच. जुन्या मालकाने घरात वापरतात ती दीड एमएमची वायर सगळीकडे ओढली आहे.

तक्रारी दोन. सेल्फ मारला की फिश फाइंडर बंद पडून पुन्हा चालू होतो. आणि पंप घरघरतो, पण धार बारीक. बॅटरीवाल्याने मीटर लावला, १२.६ व्होल्ट आले. म्हणाला बॅटरी ठणठणीत आहे, तरी इन्व्हर्टरची १५० एएच ट्यूब्युलर लावून टाका, कटकट मिटेल. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी आहे, होडी वर ओढलेली आहे. नारळी पौर्णिमेआधी काम उरकायचंय. काय करू?

करावे_नाखवा:
ट्यूब्युलर नको रे भावा. उंच असते, वजन पन्नास किलोच्या वर, लाटेत अ‍ॅसिड हिंदकळतं. मी लिथियम टाकली, १०० एएच आणि जेमतेम १२ किलो. तीच घे.

चेंदणीचा_वायरमन:
दिवाळेकर, अजून एक रुपयाही खर्च करू नका. तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि नुसत्या मोठ्या बॅटरीने दोन्ही सुटणार नाहीत.

आधी पंप. १२.६ हा आकडा बॅटरी निवांत असतानाचा. त्यावरून ती किती भरली आहे याचा अंदाज येतो: १२.७ च्या आसपास पूर्ण, १२.० आले तर जेमतेम पाव उरली. पंपापर्यंत किती पोचतं ते त्यातून कळत नाही. ते पंप चालू ठेवूनच मोजावं लागतं. पंप बंद असेल तर सडलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण करंटच वाहत नसतो.

पहिल्यांदा पंपाची जाळी काढून धुवा. आपल्या खाडीचा गाळ आणि प्लास्टिकच्या चिंध्या तिथेच बसतात. मग होडीत चार बादल्या पाणी ओतून पंप लावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल प्रोब बॅटरीच्या प्लस खांबावर टेकवा, लगवर (वायरच्या टोकाच्या कडीवर) नको, शिशाच्या खांबावरच. काळा प्रोब पंपाच्या प्लस वायरवर. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे वाटेत गेले. मायनसच्या बाजूलाही तसंच करा. दोन्ही आकडे इथे टाका.

किती अपेक्षित आहे ते सांगतो. पंप बॅटरीपासून हातभरावर असेल, पण त्याची वायर स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जाऊन परत मागे येते. ३ मीटर जाणं, ३ मीटर येणं, मायनसचंही तेवढंच धरलं तर १२ मीटर तांबं झालं. दीडच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १३ ओहम. ५ अँपिअरच्या पंपाला ०.८ व्होल्ट वाटेतच संपतात, तेही वायर कोरी असताना. चार एमएमची वायर असेल तर ०.३. पंप, दिवे, रेडिओ या जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी आहेत. त्यांना मी तीन टक्क्यांच्या वर घट चालवून घेत नाही, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६.

आणि घरची वायर होडीत टिकतच नाही. खारी हवा टोकातून आत शिरते आणि कव्हरच्या आत तांबं काळं पडत जातं. वरून वायर नवीकोरी दिसते. इंचभर सोलून बघा, तारा काळ्या निघाल्या तर तो तुकडा टाकून द्यायचा. कल्हई केलेली तांब्याची वायर घ्या, दुकानात ‘टिन्ड कॉपर’ म्हणून मागा. जोडाला पीळ देऊन टेप मारायची नाही. लग चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबा आणि वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) चढवा.

आता फिश फाइंडर. सेल्फ एका दमात शंभरावर अँपिअर ओढतो, त्या क्षणी बॅटरी दहा व्होल्टच्या आसपास खाली येते आणि फिश फाइंडर हात टेकतो. त्याला उपाय दोन बॅटऱ्यांचा. इंजिनाला स्टार्टिंगची, तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, ती क्षणभर जोर लावते पण रोज खोलवर उतरवली तर लवकर मरते. बाकी सगळ्याला डीप सायकलची, म्हणजे रोज खोलवर उतरवली तरी टिकणारी, सीलबंद एजीएम (अ‍ॅसिड आतल्या काचतंतूंत शोषलेली). तुमचा लोड फिश फाइंडर १, दिवे ३, रेडिओ ऐकताना अर्धा अँपिअर, अधूनमधून बोलताना ५. सरासरी ५ धरा. आठ तासांना ४० एएच. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे ८० लागते, १०० घ्या. दीडशेची गरजच नाही. छोट्या आऊटबोर्डचं चार्जिंग बेताचंच असतं, त्यामुळे किनाऱ्यावर आलात की चार्जर लावायची सवय ठेवा.

नाखवा, वजनाचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण लिथियमला मधे डीसी-टू-डीसी चार्जर (इंजिनाकडून येणारा करंट आवरणारा) हवा. ती रिकामी असताना ओढेल तेवढा करंट ओढते, इंजिनाचं चार्जिंग तापतं. आणि भरल्यावर तिच्या बीएमएसने (आतल्या संरक्षण सर्किटने) अचानक तोडलं तर इंजिनाच्या चार्जिंगमधला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) उडू शकतो. तुमच्याकडे तो चार्जर आहे का, नक्की बघून घ्या.

करावे_नाखवा:
चार्जर बसवलाय काका, दुकानदारानेच दिला होता.

दिवाळेकर:
काका, आज मोजलं. जाळीत गाळ होता, तो काढला, तरी धार तशीच. प्लसकडे ०.५ आणि मायनसकडे १.३ आले.

चेंदणीचा_वायरमन:
प्लसचे ०.५ म्हणजे वायर बारीक, बाकी ठीक. कोऱ्या वायरलाही ०.४ गेलेच असते. मायनसकडे तेवढीच लांबी असून १.३ गेले, तेव्हा तिथे एखादा जोड सडलाय. पंप चालू ठेवून काळ्या वायरवर हात फिरवत जा, जो जोड कोमट लागेल तो उघडा.

दिवाळेकर:
सापडला! पॅनेलखाली टेपमध्ये गुंडाळलेला होता, टेप काढल्यावर हिरवी भुकटी पडली. तारा हातातच तुटल्या. आता पूर्ण वायर बदलतो. पंप परत स्विचवरूनच घेऊ का?

चेंदणीचा_वायरमन:
दोन वाटा करा. फ्लोट स्विच (पाणी चढलं की आपोआप लागणारा) मेन स्विचच्या आधीच, १०० एएचच्या बॅटरीवरून फ्यूज घालून थेट. होडी जेट्टीला बांधून तुम्ही घरी असाल आणि पाणी भरलं, तरी पंप आपोआप लागला पाहिजे. हाताने लावायचा स्विच पॅनेलवर राहू दे. फ्यूज प्लस खांबापासून वीतभराच्या आत बसवा, अँपिअर पंपावर छापलेलाच. फ्लोटचे जोड पाण्याच्या वर बांधा. प्लसची उघडी वायर खालच्या पाण्यात राहिली तर त्या पाण्यात असलेला धातू झपाट्याने खाल्ला जातो.

काम सुरू करताना आधी मायनस सोडा, मग प्लस. जोडताना प्लस आधी. आणि पेट्रोलची टाकी त्याच खणात असेल तर ती बाहेर काढून, खणाचं झाकण बराच वेळ उघडं ठेवूनच पक्कड हातात घ्या.