वॉचमनच्या खोलीचा स्लॅब

सेक्रेटरी: रविवारी स्लॅब आहे. खडी गेटजवळ टाकलीय, गाड्या जपून काढा.

बी-१०२: खडी काय की पीठ? टेम्पो खाली केला आणि माझी काल धुतलेली गाडी राखाडी झाली बघा.

ए-३०४ काका: मी मूठभर घेऊन ओल्या तळहातावर चोळली. चिखलच लागला. ही भुकटी खडीला चिकटून राहिली की सिमेंट खडीला धरतच नाही. शिवाय भुकटी पाणी ओढते, माल घट्ट वाटतो, मग गवंडी मिक्सरमध्ये अजून अर्धी बादली ओततो. धुवून घ्या.

सी-२०१: त्यापेक्षा मागं पायाची ४० एमएम पडून आहे की. काळा दगडच, आणि फुकट.

ए-३०४ काका: नको री. स्लॅब चार इंची, म्हणजे १०० एमएम. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं सरकारी मानक, त्याप्रमाणे खडी जाडीच्या पावपटीपेक्षा मोठी नको, म्हणजे २५ पर्यंत. बाजारात मिळते ती २० एमएमच घ्यायची. ४० ची सळ्यांवर अडकून बसते, माल खाली उतरत नाही. सेंट्रिंग काढल्यावर पोकळ्या मोजत बसाल. ती गेटपुढच्या पीसीसीला, म्हणजे बिनसळीच्या काँक्रीटला ठेवा.

सेक्रेटरी: १२ एमएमपण सांगितलीय थोडी.

ए-३०४ काका: हे बरं केलंत. मोठ्या खडीच्या मधल्या फटी बारीक खडीनं भरतात. पण ढिगाच्या मागच्या बाजूला चपट्या कपच्याच फार आहेत. त्या आडव्या बसतात, खाली पाणी साठतं. तेवढ्या क्रशरवाल्याला परत न्यायला सांगा.

सी-२०१: गवंडी म्हणतोय, इतकी वर्षं असंच करूलालोय.

ए-३०४ काका: करूदे की, फक्त मोजून. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला सिमेंट, वाळू, खडी १ : १॥ : ३. सिमेंटचं पोतं साधारण ३५ लिटरचं, म्हणजे वाळू ५२ आणि खडी १०५ लिटर. पाणी पोत्याला ३० लिटरच्या वर नाही, खडी ओली असली तर अजून कमी. आणि रात्री पाऊस झाला तर वाळू फुगते. बुट्टी भरलेली दिसते, आत वाळू कमी. ताडपत्री टाका.

सेक्रेटरी: शनिवारी सकाळी बोअरच्या पाइपनं धुवू. दोन माणसं पाहिजेत.

बी-१०२: मी येतो. पण पाइप आधी माझ्या गाडीवर.