महाविद्यालयातील लेखनवर्गामुळे लेखक वाढतो का?

उत्तरायण (धागाकर्ता)

गाणे शिकायला गुरू लागतो, हे आपण मान्य करतो. चित्रकला शिकवण्यासाठी मुंबईत १८५७ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. लेखकाने मात्र प्रतिभा घेऊनच जन्माला यावे आणि उरलेले काम वाचनाने व अनुभवाने व्हावे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत मराठी लेखनाच्या मुळावर आली आहे, असे माझे मत आहे.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी शिकवतो आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला दोन श्रेयांकांचा लेखनकौशल्याचा वर्ग घेतो. वर्गाचा नियम एकच आहे: कोणताही मजकूर तीनदा लिहायचा, आणि गुण पहिल्या व तिसऱ्या खर्ड्यातल्या अंतराला द्यायचे. एका विद्यार्थिनीने एस.टी. स्थानकावर लिहिलेल्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी होती: ‘सकाळची रम्य वेळ होती. स्थानकावर प्रवाशांची एकच झुंबड उडाली होती आणि सर्वत्र चैतन्य पसरले होते.’ मी समासात एवढेच विचारले, ‘तुम्ही कुठे उभ्या होता?’ तिसऱ्या खर्ड्यात तिने लिहिले: ‘चौकशीची खिडकी इतकी खाली आहे की माणसे वाकून आत बोलतात, आणि वाकणाऱ्याच्या पाठीवरची पिशवी मागच्याच्या तोंडावर येते. आतला माणूस मान वर न करता “येईल” एवढेच सांगतो.’

या मुलीत प्रतिभा मी घातली नाही. पाहण्याची शक्ती तिच्याकडे होतीच. शाळेतल्या निबंधाने तिच्या डोळ्यांवर जी झापड बांधली होती, ती सोडवायला कुणीतरी तिचा मजकूर दोनदा वाचून परत द्यावा लागला. अकरावी-बारावीच्या मराठीत आता मुद्रितशोधन, अहवाल, वृत्तलेख असे घटक आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांचीही उत्तरे गाईडमधून पाठ होतात, कारण लिहिलेले पुन्हा लिहायला तिथे कुणी सांगत नाही.

समासातला

आपण ज्याला लेखनवर्ग म्हणता, ते संपादकाचे काम आहे आणि ते मराठीत वर्गाबाहेर उत्तम रीतीने झालेले आहे. ‘सत्यकथा’ या वाङ्मयीन मासिकात संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना पत्रे लिहून, कथा परत पाठवून, पुन्हा लिहवून घेऊन एक अख्खी पिढी घडवली. त्या व्यवहारात एक गोष्ट होती जी आपल्या वर्गात असू शकत नाही, ती म्हणजे नकार. संपादक ‘हे छापणार नाही’ असे म्हणू शकतो आणि लेखकही कथा उचलून दुसरीकडे जाऊ शकतो. आपल्या विद्यार्थिनीला दुसरीकडे जाता येत नाही, कारण तिचे श्रेयांक आपल्या हातात आहेत. अशा वर्गात विद्यार्थी लिहायला शिकण्याआधी ‘सरांना काय आवडते’ हे शिकतात. यंदा आपल्याला चौकशीची खिडकी आवडली; पुढल्या वर्षी चाळीस निबंधांत चाळीस खिडक्या येतील.

उत्तरायण

खिडक्यांची भीती रास्त आहे, आणि मलाही ती वाटते. पण ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाली, आणि त्या तोडीचा संपादक आज कोणत्या टपालाने गाठायचा? बहुतेक दिवाळी अंकांत लेखकाला शब्दमर्यादा आणि अंतिम तारीख कळवली जाते, मजकुराबद्दल अवाक्षर नसते. शिवाय संपादकापर्यंत तोच पोहोचत असे, ज्याला आपण लेखक आहोत असे आधीच वाटत होते. माझ्या वर्गातल्या मुलांना तसे कधीच वाटलेले नाही.

पूर्णाकाठ

आपल्या वर्गात भाषा कोणती चालते, हे आपण सांगितले नाही. मी अकोला जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात शिकले, तिथे माझ्या कथेतल्या ‘मायनं सांगतलं’ या शब्दांवर लाल रेघ मारून वर ‘आईने सांगितले’ असे लिहून मिळाले. हेतू वाईट नव्हता. परंतु त्यानंतरच्या माझ्या दोन कथांमधली सगळी माणसे आकाशवाणीच्या बातम्या दिल्यासारखी बोलतात. आपण म्हणता ती झापड काही वेळा लेखनवर्गच बांधतो.

महाविद्यालयाने लेखक घडवू नये, असे माझे म्हणणे नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात दलित साहित्याची जी पहिली मोठी हालचाल झाली, ती अभ्यासक्रमातून आली नव्हती. तिथे गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक होते, ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिक होते, आणि आपल्यासारखेच जगणे जगलेले वाचक समोर होते. नवशिक्या लेखकाला आधी असा वाचक हवा, जो ‘माय’ या शब्दापाशी अडखळत नाही.

दूरदेशी

मी अमेरिकेत संशोधन करता करता पहिल्या वर्षाचा सक्तीचा लेखनवर्ग शिकवते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे बोलते. हा प्रकार तिथे प्रतिभेसाठी सुरूच झाला नाही. येणाऱ्या मुलांना धड लिहिता येत नाही, या तक्रारीतून हार्वर्डने १८८५ मध्ये पहिल्या वर्षासाठी असा वर्ग ठेवला, आणि तो हळूहळू देशभर पसरला. कथा-कवितेचा मार्ग वेगळा: आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये पदवीसाठी सर्जनशील लेखन प्रबंधाच्या जागी स्वीकारायचे ठरवले आणि १९३६ मध्ये तिथली लेखकांची कार्यशाळा उभी राहिली. आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत होते. उत्तरायण यांचा वर्गही मला अर्धा इकडचा आणि अर्धा तिकडचा वाटतो, आणि कदाचित म्हणूनच तो चालतो.

पूर्णाकाठ यांची तक्रार तिथेही जुनी आहे. लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९७४ मध्ये विद्यार्थ्याचा स्वतःच्या बोलीवरचा हक्क मान्य करणारा ठराव केला. शिक्षकाच्या हातातले लाल पेन त्याने थांबले, असे मात्र नाही.

तीन खर्ड्यांची पद्धत मी डोळे झाकून उचलून धरीन. माझा आक्षेप सत्राच्या शेवटाबद्दल आहे. आमच्याकडे शेवटी विद्यार्थ्याने आपले सर्व लेखन एकत्र बांधून त्यावर ‘लेखक म्हणून माझी वाढ कशी झाली’ असे निवेदन लिहायचे असते. अपवाद वगळता ही निवेदने एकाच साच्याची असतात: आधी मला लेखन नकोसे वाटे, मग मला पुनर्लेखनाचे महत्त्व कळले, आता मी आत्मविश्वासाने लिहितो. वाढ झाली नसली तरी ती लिहून दाखवावी लागते, आणि हुशार मुले ती सफाईने लिहितात. उत्तरायण सर, दोन खर्ड्यांतल्या अंतराला गुण दिले की मुले पहिला खर्डा मुद्दाम वाईट लिहू लागतील, याचा विचार आपण केला आहे का?

तास_संपला

मी तासिका तत्त्वावर शिकवतो, त्यामुळे माझा प्रश्न साधा आहे. माझ्या वर्गात पटावर १२० विद्यार्थी आहेत. तीन खर्डे म्हणजे एका निबंधाचे ३६० कागद. एका कागदाला दहा मिनिटे धरली तरी ६० तास होतात, आणि मला मानधन फक्त वर्गात उभे राहिलेल्या तासांचे मिळते. दूरदेशी, तुमच्या वर्गात किती मुले असतात?

दूरदेशी

वीसच्या आसपास. तुमच्या आकड्यापुढे मी काही बोलू शकत नाही.

उत्तरायण

मुद्दाम वाईट लिहिलेला पहिला खर्डा मला अजून आढळलेला नाही, पण गुणांची ही पद्धत कळल्यावर तो येणार, हे दूरदेशी यांचे म्हणणे पटते. पुढच्या सत्रापासून तिन्ही खर्डे दिले की उत्तीर्ण, एवढेच ठेवण्याचा विचार आहे. बोलीबद्दल सांगायचे तर संवादात मी हात लावत नाही. निवेदनात लावतो, आणि तिथे पूर्णाकाठ यांनी मला अडवले तर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. १२० मुलांचा वर्ग मात्र लेखनवर्ग होऊच शकत नाही. तिथे नावापुरता वर्ग चालवण्यापेक्षा तो नसलेला बरा, आणि हे विद्यापीठाने लेखी मान्य करावे.

समासातला

एवढे मान्य असेल तर माझी सूचना ऐका. महाविद्यालयाचा वार्षिकांक या वर्गाच्या ताब्यात द्या. मुलांनीच एकमेकांचे लेखन मागवावे, परत पाठवावे, नाकारावे. ज्याची कविता नाकारली जाईल तो चार दिवस बोलणार नाही, आणि दोघेही त्यातून काही शिकतील.

उत्तरायण

सूचना उत्तम आहे. आमच्या वार्षिकांकात पहिली काही पाने मान्यवरांच्या संदेशांना असतात, आणि त्यांतच संस्थेच्या अध्यक्षांची एक कविता दरवर्षी असते. तिचे काय करायचे?

समासातला

तीही तीनदा लिहून मागवा.