मदत हवी आहे: नववीतल्या मुलाची झोप आणि रात्रीचा मोबाइल

नमस्कार मंडळी,

मुलगा १४ वर्षांचा, नववीत. शाळा सकाळी सातची. अकराला आम्ही दिवे घालवतो, पण त्याला झोप लागते एक-दीडला. आधी मित्रांबरोबर ऑनलाइन गेम, मग पांघरुणात रील्स. सकाळी उठवताना रोज रडारड. पहिल्या दोन तासांना पेंगतो, असं वर्गशिक्षिका सांगतात. रविवारी बारापर्यंत झोपतो, की सोमवारी पुन्हा तेच.

बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, तपासण्या ठीक आहेत. ते म्हणाले, या वयात मेलॅटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, मुळातच उशिरा तयार होतं, म्हणून झोपही उशिरा येते. त्यात डोळ्यांसमोर उजेड आणि डोक्यात गेमची चुरस असली की ती आणखी लांबते. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. याला जेमतेम पाच मिळतात! म्हणून घरातली मोठी माणसं त्याला आळशी म्हणतात ते मला अजिबात पटत नाही.

'फोन काढून घे' असं सगळे सांगतात. पण क्लासचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, तोही रात्री साडेनऊनंतर. शिवाय सगळे मित्र खेळत असताना याने एकट्यानेच बाहेर पडायचं, हे त्याला फार लागतं. मला ते समजतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, हे वाचलं होतं. तिथे अख्खं गाव एकदम बंद करतं, म्हणून मुलांना जमत असावं. आमच्या सोसायटीत निदान त्याच्या गटातल्या पाच-सहा घरांनी मिळून दहाची वेळ पाळली तर? कुणी असं केलंय का? इतर पालकांपाशी विषय कसा काढलात, की त्यांना आपल्यावर ठपका ठेवल्यासारखं वाटणार नाही? क्लासवाल्यांना गृहपाठ लवकर पाठवायला कुणी राजी केलंय का?

शाळेच्या वेळेचं काही होईल असं वाटत नाही. नऊच्या आधी शाळा नको हा २०२४ चा शासन निर्णय चौथीपर्यंतच आहे.

आणखी एक. रविवारी त्याला झोपू द्यावं की आठ-नऊला उठवावं? आठवडाभराची अपुरी झोप बघून उठवायला जीव होत नाही, पण त्यामुळेच रविवारची रात्र बिघडते असंही दिसतंय. ज्यांची मुलं यातून बाहेर पडली त्यांनी कृपया सविस्तर लिहा. गोळ्यांची नावं मात्र नकोत, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही.