रॉक गाण्याची ‘तीव्रता’ मराठीत कशी सांगायची? कर्कश, चढा, फाटका की अजून काही?

प्रश्न :
माझ्या भाच्याला मोठे किंवा अचानक येणारे आवाज सोसत नाहीत, घरात मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगावं लागतं, पण गिटार म्हणजे जीव की प्राण आणि आता साहेबांना रॉक ऐकायचंय. म्हणून मी त्याच्यासाठी आणि तशाच अजून काही मुलांच्या आयांसाठी गाण्यांवर छोट्या टिपा लिहायला घेतल्यात, की कुठलं गाणं कानाला किती जड जाईल. इंग्रजी याद्यांमध्ये इंटेन्सिटी म्हणून पाचपैकी आकडा देतात. मी ‘तीव्रता ४’ असं लिहिलं तर बहीण म्हणाली, चार म्हणजे काय, मोठा आहे का टोचतो? तिचं बरोबर आहे. तर योग्य शब्द कुठला, कर्कश चालेल का?

प्रतिसाद :
तीव्रता शक्यतो नकोच. विज्ञानाच्या पुस्तकात ठीक आहे पण पेटी शिकलेल्या माणसाला तीव्र म्हटलं की तीव्र मध्यम (वरचा ‘म’ सूर) आठवतो. ‘चढा’चंही तेच, आवाज चढवला म्हणजे मोठा केला (किंवा भांडायला उठला) आणि सूर चढा म्हणजे वरच्या पट्टीतला. आणि ‘बारीक’ तर फारच फसवा शब्द आहे बरं का, टीव्हीचा आवाज बारीक कर म्हणजे कमी कर, पण बारीक आवाज म्हणजे पातळ, किनरा, आणि नेमका तोच काही मुलांच्या कानात घुसतो. ‘इथे गिटार बारीक आहे’ असं लिहिलंत तर अर्धी माणसं निश्चिंत होऊन हेडफोन लावतील.

प्रतिसाद :
कर्कश हा शेरा आहे हो, वर्णन नाही. आमच्या अण्णांना सगळंच रॉक कर्कश, त्यात गाण्यागाण्यातला फरक कसा कळणार.

प्रतिसाद :
मी मांडवात साऊंड लावतो, आमच्याकडे यासाठी रोजचा शब्द आहे ‘आवाज फाटणं’. स्पीकर फाटतोय, माईक फाटतोय. अँप्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर ढकलला की ध्वनीच्या लाटेचा माथा कापला जातो, सपाट होतो, आणि त्यातून मूळ सुरात नसलेले वरचे वरचे सूर तयार होतात. आम्ही तो फाटू नये म्हणून धडपडतो आणि रॉकवाले तो मुद्दाम फाडतात, डिस्टॉर्शन म्हणजे तेच. आता आपला कान वरच्या सुरांच्या, साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त तिखट असतो आणि फाटलेल्या गिटारचे हे जादाचे सूर बरेचसे तिथेच येऊन पडतात, वर झांजांचा खणखणाट. म्हणून व्हॉल्यूम तेवढाच ठेवला तरी साधी गिटार गोड लागते आणि फाटलेली टोचते. ढोल-ताशात बघा, काही जणांना ढोलाचं घुमणं चालतं पण ताशाची तडतड सुरू झाली की ते कानावर हात ठेवतात. तेव्हा एक ‘मोठा’ लिहून भागणार नाही, फाटका किती, टोचरा किती, घुमणारा किती हे वेगळं लिहा.

प्रतिसाद :
वरचं सगळं पटलं पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे दोन शब्द राहिलेत, दचका आणि उसंत. निर्वाणा या बँडचं स्मेल्स लाइक टीन स्पिरिट (१९९१) घ्या, सुरुवातीला गिटार एकटी, स्वच्छ, माणूस आवाज थोडा वाढवतो आणि तेवढ्यात ड्रम आणि फाटलेली गिटार एकदम अंगावर येते, पुढे कडव्यात शांत आणि धृपदात परत दणका. पिंक फ्लॉइडच्या टाइम या गाण्यात (१९७३) तर आधी नुसती टिकटिक आणि मग ढीगभर घड्याळं एकाच वेळी वाजायला लागतात, गाणं पुढे चांगलं संथ आहे पण तुमचा भाचा तिथवर पोचणारच नाही. हा झाला दचका. उसंतीचा प्रकार उलटा. मेटॅलिकाचा डेथ मॅग्नेटिक (२००८) हा अल्बम इतका दाबून भरलाय की हळू-मोठं असा फरकच उरला नाही, खुद्द चाहत्यांनी तक्रारी केल्या, कारण तीच गाणी गिटार हिरो गेममध्ये मोकळी ऐकू येत होती. त्यात दचका फारसा नाही पण कानाला बसायला जागा नाही. आणि हल्ली स्ट्रीमिंग ॲप गाण्यांची सरासरी पातळी सारखी करून देतात (स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला -१४ एलयूएफएसच्या आसपास, हे सरासरी मोठेपणाचं माप), त्यामुळे कुठलं गाणं सरासरीत मोठं हा प्रश्न बऱ्यापैकी मिटतो, पण ते सगळ्या गाण्याला एकच माप लावतं, गाण्याच्या आतला दचका आहे तसाच राहतो. पाचपैकी आकडा मला म्हणूनच निरुपयोगी वाटतो.

प्रतिसाद :
मग सरळ डेसिबल लिहा की, वाद नको.

प्रतिसाद :
डेसिबल कुठल्या अंतरावर? गिनीजने १९७६ साली द हू या बँडची १२६ डेसिबलची नोंद केली होती ती स्पीकरपासून ३२ मीटरवरची, घरात तुमच्या हातात व्हॉल्यूमचं बटण असताना त्याचा काय उपयोग. शिवाय ८५ डेसिबलला ८ तास, ८८ ला ४, १०० ला जेमतेम १५ मिनिटं हे जे अमेरिकी कोष्टक सगळीकडे फिरतं ते कान खराब होऊ नये म्हणून कामगारांसाठी केलेलं आहे. ज्याला आवाज सोसत नाही त्याला साठ डेसिबललाही त्रास होऊ शकतो. तुम्ही प्रश्नात ‘सोसत नाही’ लिहिलंय ना, मला तो शब्द फार चोख वाटला, दूध सोसत नाही, ऊन सोसत नाही तसं, त्यात नखरे करतोय असा आरोप येत नाही. मात्र दोन गोष्टी मिसळू नका. हायपरॲक्युसिसमध्ये साधे रोजचे आवाजही जास्त मोठे, दुखरे वाटतात. मिसोफोनिया (हा शब्द २००१ मधला, जॅस्ट्रेबॉफ या संशोधक दांपत्याचा) म्हणजे ठरावीक आवाजांची तिडीक, चघळण्याचा, पेन टकटक करण्याचा, तिथे आवाज कितीही कमी केला तरी तिडीक जातेच असं नाही.

प्रश्नकर्ती :
खूप आभार सगळ्यांचे. लेड झेपेलिनच्या स्टेअरवे टू हेवनवर (१९७१) लिहून बघितलंय, सांगा कसं वाटतंय : “साधारण ८ मिनिटं. दचका नाही, सगळं पायरीपायरीने वाढतं. पहिली ४ मिनिटं ड्रम नाहीत, गिटार आणि बासरीसारखा रेकॉर्डर, टोचत नाही. शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत गिटार फाटकी, झांजा भरपूर, गाणारा टिपेला, उसंत कमी. शेवट हळू.”

प्रतिसाद :
झकास. फक्त ‘हळू’ काढा, तो लय संथ असाही वाचला जातो. ‘शेवटी वाद्यं थांबतात, एकटा गाणारा’ असं लिहा.

प्रतिसाद :
आणि ‘शेवटची दोन-अडीच’ऐवजी घड्याळी वेळ टाका, साधारण ५:५० पासून. पोराला कळेल कुठे हेडफोन काढायचा ते.