ओन्डॅनसेट्रॉन (मळमळ-उलटी रोखणारं औषध) थेट शिरेत द्यावं का?

प्रश्न: केमोआधी ८ मिग्रॅ द्यायचंय. पेशंट ७६ वर्षांचे, पोटॅशियम ३.१. अँप्यूल सिरिंजमध्ये भरून थेट दिलं तर?

प्रतिसाद १: या वयात थेट नकोच. ५० मिली नॉर्मल सलाइनमध्ये मिसळून निदान १५ मिनिटं घेऊन, केमोच्या अर्धा तास आधी. पंचाहत्तरीपुढे पहिला डोस ८ च्या वर नाही. पण खरी अडचण पोटॅशियमची आहे. ते कमी असताना या औषधाने क्यूटी (ईसीजीवर दिसणारा, ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होण्याचा वेळ) जास्त लांबू शकतो, हृदयाचा ठोका बिघडू शकतो. आधी ईसीजी आणि मॅग्नेशियम बघा, डॉक्टरांना कळवा, कमतरता भरून काढा.

प्रतिसाद २: ३२ मिग्रॅचा एकच डोस अमेरिकेत २०१२ मध्ये याच कारणाने बंद झाला; आता शिरेतून एका वेळी कमाल १६. यकृत फारच खराब असेल तर दिवसाला ८. त्याच लाइनमधून सोडाबायकार्ब (सोडियम बायकार्बोनेटचं इंजेक्शन) गेलं असेल तर आधी सलाइनने फ्लश करा, नाहीतर नळीत पांढरा साका धरतो.

प्रश्नकर्ता: आणि ऑपरेशनला?

प्रतिसाद १: प्रौढांना ४ मिग्रॅ, २ ते ५ मिनिटांत सावकाश. ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) चालू असेल तर थरथर, घाम, गोंधळलेपणा यांवर नजर ठेवा. बद्धकोष्ठता होऊ शकते, पोट फुगलं तर दुर्लक्ष नको.