प्रतिसाद: नवं धोरण आणि मराठी शाळा

उमेदवारांचं म्हणणं आहे की कर्नाटकच्या नव्या राज्य शैक्षणिक धोरणामुळे सीमाभागातल्या मराठी शाळा संपतील. त्यांची काळजी खरी आहे, पण बोट चुकीच्या ठिकाणी ठेवलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये सादर झालेला या धोरणासाठी नेमलेल्या सुखदेव थोरात आयोगाचा अहवाल पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषा हेच माध्यम सुचवतो. घटनेचं कलम ३५०-अ सुद्धा प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतंच. मग त्याला विरोध कशाला?

खरी अडचण शाळेत दोनच भाषा शिकवण्याच्या आयोगाच्या शिफारशीत आहे. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची आहे. म्हणजे मराठी शाळेत मराठी पहिली, कन्नड दुसरी. मग इंग्रजी कुठे बसवणार? इंग्रजीची खात्री नसेल तर आई-बाप पोरं मराठी शाळेत घालतील का? उमेदवारांनी हे विचारायला हवं. आणि शिक्षकांचंही विचारा. आमच्या खानापूर तालुक्यातल्या शाळेत नलीकली या कर्नाटकातल्या आनंददायी शिक्षण पद्धतीमुळे पहिली ते तिसरी एकाच खोलीत बसतात. बाई एका गटाला मराठी वाचन देतात, तोवर दुसरा गट कन्नड मुळाक्षरं गिरवत त्यांची वाट बघत असतो. कन्नडसाठी वेगळा शिक्षक मागितला, अजून मिळालेला नाही.