दुखापतीच्या बातम्या: माहिती चिमूटभर, धसका पोतंभर

हळदपेठ (सांगली):
आम्ही बारा जण मिळून सहा वर्षं फँटसी प्रीमियर लीग खेळतोय. म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला संघ करायचा, ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण, आणि ज्याला कॅप्टन केलं त्याचे दुप्पट. चौघे गणपती पेठेतले, बाकी विश्रामबाग, मिरज, कुपवाड. पैसा कुणाचा लागत नाही. मोसमाच्या शेवटी जो तळाला, त्याने सगळ्यांना भडंगची पार्टी द्यायची, एवढंच. तरी एक गोष्ट आता सहन होत नाही म्हणून इथे मांडतोय.

हिवाळ्यात संघ बदलायची शनिवारची डेडलाईन आपल्याकडे दुपारी साडेचारला पडते. दुकानात ऐन गर्दीची वेळ. गेल्या मोसमात अशाच एका शनिवारी चारच्या सुमारास फोनवर लागोपाठ पाच नोटिफिकेशन आली. 'मोठा धक्का', 'सरावातून गायब', 'आज मुकणार?' सगळी माझ्या कॅप्टनबद्दल. काट्यावर गुळाची ढेप, समोर गिऱ्हाईक, एका हातात फोन. फ्री ट्रान्सफर, म्हणजे फुकटात खेळाडू बदलायची मुभा, उरली नव्हती, तरी चार गुण कापून घेतले आणि त्याला काढला. गडी पूर्ण ९० मिनिटं खेळला आणि दोन गोल केले.

रात्री दुकान बंद केल्यावर त्या पाचही बातम्या शेवटपर्यंत वाचल्या. पाचही एकाच गोष्टीवर उभ्या होत्या: क्लबने टाकलेल्या सरावाच्या फोटोंत तो दिसला नाही. क्लबने फोटो टाकले होते बारा. संघात खेळाडू पंचवीस! डॉक्टर नाही, कोच नाही, कुणाचं एक वाक्य नाही.

आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलाय का? नुसतं पोतं बघून बोली लावत नाहीत, हळकुंड मोडून आतला रंग बघतात. या बातम्यांचं हळकुंड मोडलं तर आत काही निघत नाही. दुखापतीची बातमी देणाऱ्याने कोण बोललं आणि कधी बोललं हे पहिल्या ओळीत सांगितलंच पाहिजे, नाहीतर ती बातमी देऊ नये. माझं एवढंच मत आहे आणि ते ठाम आहे.

नऊनंबर (तासगाव):
दादा, राग कळतो, पण मत पटत नाही. प्रीमियर लीगमध्ये क्लबांना दुखापतींची यादी जाहीर करायची सक्ती नाही. कोच पत्रकार परिषदेत 'बघू, अजून एक दिवस आहे' म्हणतात, आणि अंतिम अकरा कळतात ते डेडलाईन टळून गेल्यावर. मग आपण पोरांनी करायचं काय? असल्या फोटो मोजणाऱ्यांमुळेच कधीकधी खरी गोष्ट आधी कळते. मला तर दहातल्या नऊ बातम्या फुसक्या निघाल्या तरी चालतील, दहावी हवी आहे.

आणि खेळात सोय आहेच की. कॅप्टन अजिबात उतरला नाही तर दुप्पट गुण व्हाईस कॅप्टनला मिळतात, बेंचवरचा आपोआप आत येतो. तुम्ही घाबरून चार गुण कापून घेतलेत. तो निर्णय तुमचा होता.

हळदपेठ:
निर्णय माझाच होता, कबूल. पण सोय वाटते तेवढी सोपी नाही. तो शेवटचं एक मिनिट जरी खेळला तरी बेंचवरचा येत नाही आणि कॅप्टनही तोच राहतो. एका गुणाचे दोन, विषय संपला. भीती त्याचीच असते, आणि बातम्यावाल्यांना ती पक्की ठाऊक असते. म्हणून तर डेडलाईनच्या आधी अर्धा तास गाठून हे येतं.

डेस्कवरचा (सांगली):
मी दोन वर्षं एका पोर्टलसाठी खेळाच्या बातम्या मराठीत करायचो, म्हणून आतलं सांगतो. दिवसाला दहा बातम्या द्यायच्या असा हिशेब होता. फुटबॉल कुणी स्वतः बघून लिहीत नाही, इंग्रजीवरून उचलायचं. इंग्रजीत असतं की अमुक खेळाडू 'कदाचित' मुकेल, 'असं समजतं', 'बघावं लागेल'. मराठीत येताना हे 'कदाचित' सगळ्यात आधी गळतं, कारण मथळ्यात तेवढी जागा नसते. उरतं काय, तर 'मुकणार'. वर एक प्रश्नचिन्ह लावलं की लिहिणारा मोकळा. मी स्वतः असे मथळे दिले आहेत आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण हळदपेठ, तुमची अट पाळली असती तर माझ्या दहापैकी आठ बातम्या रद्द झाल्या असत्या आणि पगारही. साधी, खरी बातमी कुणी उघडत नव्हतं. 'शुक्रवारी कोच म्हणाले की तो तंदुरुस्त आहे' याला वाचक नसतो. मग दोष फक्त लिहिणाऱ्याचा कसा?

गुडघेदुखी (मिरज):
मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज स्नायू नि सांधेच बघते. हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीमागच्या स्नायूला, साधा ताण असेल तर दोन-तीन आठवडे, स्नायू नीट फाटला असेल तर महिने. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: पोरगं पळता पळता थांबतं आणि मांडीमागे हात लावतं. सूज असताना पहिल्या दिवशी तर तपासणारालाही खात्रीने सांगता येत नाही. आणि इथे आठ सेकंदांची क्लिप बघून लोक 'सहा आठवडे बाहेर' असा निकाल देतात, तो बातमी म्हणून छापला जातो. याला माझा कडक विरोध आहे.

सांगलीकरांना वेगळं उदाहरण कशाला? स्मृती मानधनाचं गुडघ्याचं लिगामेंट जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात तुटलं. अशा गुडघ्याला साधारण नऊ महिने धरतात. ती जूनमध्ये वर्ल्ड कपला उभी राहिली, इंग्लंडविरुद्ध ९० आणि पुढच्या सामन्यात वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. तारीख सांगणारे चुकले असते ना!

नऊनंबर:
ताई, तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. डॉक्टरलाही नक्की सांगता येत नसेल तर अंदाज ऐकायला काय हरकत? अंदाज म्हणून ऐकतो आम्ही.

गुडघेदुखी:
हरकत आहे. माझ्याकडे कॉलेजची पोरं येतात, कबड्डीत, फुटबॉलमध्ये गुडघा गेलेली. बातमीत वाचून विचारतात, 'अमुक पाच महिन्यांत आला, मी का नाही?' स्मृतीच्या मागे तज्ज्ञांची फौज होती. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलेल्यांना तीच दुखापत पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो, हे त्या बातमीत कुठेच नसतं. दिवस मोजायचे, शरीर बघायचं नाही, ही सवय तिथूनच लागते.

अर्धीवेळ (सातारा):
अमेरिकेचं सांगतो, त्यांच्या फुटबॉलचं. एनएफएल या त्यांच्या लीगमध्ये सक्ती आहे: आठवड्यातल्या सरावाला खेळाडू पूर्ण होता, अर्धवट होता की नव्हताच, हे संघांना रोज जाहीर करावं लागतं आणि शेवटी क्वेश्चनेबल (नक्की नाही), डाऊटफुल (बहुधा नाही) किंवा आऊट (नाहीच) असा शिक्का. आधी 'प्रोबेबल' (बहुधा खेळेल) हाही होता. तो शिक्का असलेले जवळजवळ सगळेच खेळायचे, म्हणून २०१६ मध्ये काढून टाकला. एवढं सगळं अधिकृत असूनही फँटसीवाल्यांसाठी तिकडे दिवसरात्र दुखापतींचाच रतीब. क्वेश्चनेबल म्हणजे नेमकं किती, यावर तासन्तास चर्चा. त्यामुळे यादी जाहीर झाली की गोंधळ थांबेल, हे मला पटत नाही.

त्यात आता पैसाही उरलेला नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी आली. तुमचा खेळ भडंगवर. एवढं मनाला का लावून घेता?

हळदपेठ:
पैसा नाही म्हणूनच लावून घेतो. पैशासाठी खेळत असतो तर फसवणूक धंद्याचा भाग म्हणून सोडून दिली असती. आम्ही खेळाच्या प्रेमाने रात्री दीडपर्यंत जागतो.

आर्सेनलच्या साकाचंच घ्या. २१ डिसेंबर २०२४ ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध हॅमस्ट्रिंग गेला, ऑपरेशन झालं, १ एप्रिलला फुलहॅमविरुद्ध बदली म्हणून आला आणि गोल केला. मधले १०१ दिवस. त्यात सांगण्यासारख्या गोष्टी चार-पाच झाल्या असतील. मी 'साका अपडेट' किती वेळा उघडलं असेल याची गणती नाही, आणि बहुतेक वेळा आत मागच्याच आठवड्यातलं कोचचं वाक्य.

आणि मँचेस्टर सिटीचा रॉड्री? सामने फार झालेत, खेळाडू संपाच्या जवळ आलेत, असं तो सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतः बोलला. आठवडाही झाला नाही तोच, २२ तारखेला आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला. दुखापती का वाढतात ही खरी बातमी होती. माझ्या फोनवर दुसऱ्या दिवशी आलं ते 'रॉड्रीच्या जागी कुणाला घ्याल? हे पाच पर्याय'.

डेस्कवरचा:
हे लागलं. तो 'पाच पर्याय' प्रकार मीही लिहायचो. माणूस पडल्यावर तासाभरात.

नऊनंबर:
रॉड्रीचं मान्य, दादा. पण बातम्या कमी करा याला माझा अजूनही विरोध आहे. मला सगळं वाचायचं आहे, चाळून मी घेईन.

हळदपेठ:
घे की भावा. आमच्या ग्रुपपुरतं मात्र कालच ठरवलं: दुखापतीची लिंक टाकायची तर कोण बोललं आणि कोणत्या दिवशी बोललं हे सोबत लिहायचं, नाहीतर ॲडमिन काढणार. काल रात्रीपासून सात लिंका आल्या, दोन राहिल्या.

नऊनंबर:
त्या दोन इथे टाका ना. आज साडेचारच्या आत.